एप्टच्या वहीत नोंद हवी: घरी बिल्ड केलेली आणि तयार पॅकेजेस डेबियनवर एकत्र नांदवण्याची रीत

वडिलांनी गावातल्या कीर्तनांच्या दोनशेच्या वर कॅसेट भरून ठेवल्या होत्या. त्या संगणकावर उतरवून नातेवाइकांना पाठवायच्या, एवढंच काम होतं. फाइल लहान हवी आणि आवाजही समजायला हवा, म्हणून एचई-एएसी हा आवाजाच्या फाइलीचा प्रकार निवडला. माझ्या डेबियन या लिनक्स सिस्टिममधल्या एफएफएमपेगला (आवाज-चित्राच्या फाइली बदलणारा प्रोग्रॅम) तो बनवता येईना. त्यासाठी लागणारी एफडीके-एएसी ही लायब्ररी (दुसरे प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) डेबियन परवान्याच्या कारणावरून एफएफएमपेगमध्ये घालत नाही. मग मी इंटरनेटवरून सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ कोड) उतरवला, 'सुडो मेक इन्स्टॉल' मारलं आणि पुढचे सहा महिने निस्तरत बसलो.

(ओपस हा दुसरा प्रकार वापरला असता तर यातलं काहीच करावं लागलं नसतं, ते डेबियनच्या एफएफएमपेगमध्ये आधीपासून आहे. पण काकांच्या जुन्या मोबाइलवर ओपस वाजेना आणि काकांपुढे कोण बोलणार.)

हा लेख डेबियन वापरणाऱ्यांसाठी आहे. उबंटू आणि मिंटवर नव्वद टक्के गोष्टी तशाच चालतात. कमांड मी फोनवर सांगतो तशा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. एप्ट (डेबियनवर पॅकेजेस आणणारं-काढणारं साधन) आणि त्याच्या पोटातलं डीपीकेजी मिळून एक वही ठेवतात: कुठलं पॅकेज, कुठलं व्हर्जन, कुठल्या फाइली, कोण कोणावर अवलंबून. आपण बिल्ड केलेली, म्हणजे सोर्सवरून स्वतः बनवलेली वस्तू एकतर या वहीत नीट नोंदवून ठेवायची, नाहीतर एप्ट जिथे हात लावत नाही अशा वेगळ्या खोलीत ठेवायची. वहीत नोंद नाही आणि फाइली मात्र एप्टच्या घरात, ही अवस्था आली की भांडणं सुरू होतात.

## १. बिल्ड करायची खरंच गरज आहे का?

निम्म्या वेळा नसते. आधी एवढं बघा:

- नवं व्हर्जन हवं असेल तर बॅकपोर्ट्स, म्हणजे चालू डेबियनसाठी बनवलेल्या नव्या व्हर्जनांची रेपो (पॅकेजेसचा साठा). डेबियन १२ चं नाव बुकवर्म, म्हणून रेपोचं नाव बुकवर्म-बॅकपोर्ट्स. ही रेपो जोडली तरी तिच्यातलं काही आपोआप येत नाही. 'एप्ट इन्स्टॉल -टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स' असं म्हणून हवं तेवढंच उचलायचं.
- एखादी सोय कमी असेल तर त्याच सॉफ्टवेअरचं दुसरं पॅकेज आहे का ते 'एप्ट सर्च' करून बघा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मॉड्यूल्स, व्हिम या एडिटरचे वेगवेगळे अवतार अशी उदाहरणं भरपूर आहेत.
- खिडकीवाला मोठा प्रोग्रॅम असेल तर फ्लॅटपॅक (प्रोग्रॅम त्याच्या सामानासकट वेगळा ठेवणारी पद्धत). जागा खातो, पण बाकी घराला धक्का लावत नाही.

दुसऱ्या डेबियन आवृत्तीची .डेब फाइल (तयार पॅकेज) किंवा टेस्टिंगची, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीची रेपो सरळ जोडणं मात्र टाळा. एका पॅकेजसाठी सी लायब्ररी (जिच्यावर जवळपास सगळे प्रोग्रॅम उभे असतात) बदलते आणि मागोमाग अर्धी सिस्टिम.

## २. लागणारं सामान

पॅकेजेस: बिल्ड-इसेन्शियल, डेवस्क्रिप्ट्स, इक्विव्स आणि डीपीकेजी-डेव्ह. पुढे लागलं तर स्टो (त्याचं काम दहाव्या भागात). हे सगळं एप्टमधूनच येतं.

डिस्कवर दहा जीबी मोकळी ठेवा. आपल्या होममध्ये 'बिल्ड' नावाचा फोल्डर करा आणि त्यात दर पॅकेजला वेगळा फोल्डर, कारण तयार .डेब फाइली एक पायरी वर येऊन पडतात आणि दोन पॅकेजांची खिचडी होते.

आणि एक साधी मजकुराची फाइल, ही आपली स्वतःची वही. माझ्या फाइलमध्ये चार गोष्टी असतात: पॅकेजचं नाव, काय बदललं, का बदललं, आणि कुठल्या दिवशी हे करायची गरज संपेल. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. वर्षभराने आपलाच बदल बघून 'हे मी का केलं होतं?' असा प्रश्न पडतोच.

## ३. सोर्स आणा, पण डेबियनचा

मूळ प्रकल्पाच्या साइटवरून नव्हे, डेबियनकडून. डेबियनच्या सोर्स पॅकेजमध्ये मूळ सोर्सबरोबर 'डेबियन' नावाचा एक फोल्डर असतो. कुठल्या पर्यायांनी कंपाइल करायचं, किती पॅकेजेस बनवायची, कशावर अवलंबून राहायचं, हे सगळं त्यात तयार लिहिलेलं असतं. दुसऱ्याने घेतलेल्या मेहनतीवर आपण फक्त दोन ओळी वाढवायच्या.

सोर्सची रेपो चालू आहे का बघा. जुन्या पद्धतीच्या सोर्सेस.लिस्ट फाइलमध्ये 'डेब-एसआरसी'ने सुरू होणारी ओळ लागते. नव्या पद्धतीच्या .सोर्सेस फाइलमध्ये 'टाइप्स' या ओळीत 'डेब'च्या पुढे 'डेब-एसआरसी' लिहायचं. मग 'सुडो एप्ट अपडेट', आणि बिल्डच्या फोल्डरमध्ये जाऊन:

एप्ट सोर्स एफएफएमपेग

इथे सुडो लावू नका. लावलंत तर सगळ्या फाइली रूटच्या (सिस्टिमच्या मुख्य युजरच्या) मालकीच्या होतात आणि पुढे प्रत्येक पायरीला अडतं.

एफडीके-एएसीची लायब्ररी डेबियनच्या 'नॉन-फ्री' (मुक्त परवाना नसलेल्या पॅकेजेसच्या) विभागात आहे. डेबियन १२ पासून फर्मवेअर (हार्डवेअरला लागणारं सॉफ्टवेअर) 'नॉन-फ्री-फर्मवेअर' नावाच्या वेगळ्या विभागात गेलं. नवीन इन्स्टॉलेशनमध्ये बहुधा फक्त तेच चालू असतं आणि माणूस 'नॉन-फ्री तर आहे की' म्हणत तासभर शोधत बसतो. दोन्ही वेगळे आहेत. आपल्याला पहिला हवा.

## ४. बदल करा

दोन फाइली उघडायच्या, दोन्ही 'डेबियन' फोल्डरमधल्या.

'रूल्स' फाइलमध्ये कॉन्फिगरच्या (कंपाइल करण्याआधीच्या जुळवणीच्या) पर्यायांची लांबलचक यादी आहे. तिच्यात 'इनेबल-लिबएफडीके-एएसी' आणि 'इनेबल-नॉनफ्री' असे दोन पर्याय घाला. दुसरा विसरलात तर कॉन्फिगर लगेच थांबतं, कारण जीपीएल परवान्याशी ही लायब्ररी जुळत नाही. याचा व्यवहारातला अर्थ लक्षात ठेवा: असा एफएफएमपेग स्वतःपुरता वापरायचा. तो दुसऱ्याला वाटण्याची परवानगी परवाना देत नाही. मित्राला हवा असेल तर त्याला हा लेख द्या, .डेब फाइल देऊ नका.

'कंट्रोल' फाइलमध्ये 'बिल्ड-डिपेंड्स' अशी यादी आहे, तिच्यात 'लिबएफडीके-एएसी-डेव्ह' वाढवा. आत्ता ती लायब्ररी हाताने टाकूनही काम होईल, पण पुढच्या वेळी नव्या मशीनवर बिल्ड फसेल आणि कारण आठवणार नाही.

मूळ सोर्समध्येच बदल करायचा असेल तर तो करून 'डीपीकेजी-सोर्स --कमिट' द्या. त्या बदलाचा पॅच (फक्त बदल नोंदवलेली फाइल) नाव-गावासह 'डेबियन/पॅचेस'मध्ये जाऊन बसतो.

## ५. व्हर्जनला शेपूट लावा

ही पायरी लोक टाळतात, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. म्हणून जरा थांबून सांगतो.

शेपूट अजिबात लावलं नाही तर काय होतं? तुमच्या पॅकेजचं व्हर्जन आणि डेबियनचं व्हर्जन हुबेहूब एकच. पण आतला मजकूर वेगळा आहे हे एप्टला कळतं, आणि पुढच्या अपग्रेडला ते रेपोतलं पॅकेज 'तेच व्हर्जन' म्हणून तुमच्यावर चढवतं. तुमचा बदल गुपचूप गेला. मी दोनदा बिल्ड केलं, दोनदा गेलं, तिसऱ्यांदा डोकं चालवलं.

म्हणजे शेपूट हवं. ते कसं असावं? डेबियनचं व्हर्जन असं दिसतं:

७:५.१.६-०+डेब१२यू१

सुरुवातीचा ७ म्हणजे 'इपॉक' (तुलनेत सगळ्यात आधी बघितला जाणारा आकडा), ५.१.६ हे मूळ प्रकल्पाचं व्हर्जन, डॅशच्या पुढे डेबियनची आवृत्ती. आणि 'डेब१२यू१' म्हणजे या व्हर्जनचं डेबियन १२ मधलं पहिलं अपडेट. सुरक्षेची दुरुस्ती आली की हा शेवटचा आकडा वाढतो किंवा मधलं व्हर्जन बदलतं.

आपल्या शेपटाकडून दोन अपेक्षा आहेत. ज्याच्यावरून बिल्ड केलं त्या व्हर्जनपेक्षा आपलं मोठं ठरावं, म्हणजे एप्ट आपलंच ठेवेल. आणि डेबियनच्या पुढच्या दुरुस्तीपेक्षा ते लहान ठरावं, म्हणजे दुरुस्ती आल्यावर ती बसेल.

मी आधी अधिकचं चिन्ह आणि मग रोमन लिपीत 'घर' असं शेपूट लावायचो: '+घर१'. छान दिसतं. पण एका छोट्या सर्व्हरच्या पॅकेजचं मूळ व्हर्जन नुसतं '१.२-३' अशा धाटणीचं होतं. माझं झालं '१.२-३+घर१'. काही दिवसांनी डेबियनने सुरक्षेची दुरुस्ती काढली: '१.२-३+डेब१२यू१'. आता तुलना बघा. अधिकच्या चिन्हापर्यंत दोन्ही सारखी. पुढे माझं जी अक्षराने सुरू, त्यांचं डी अक्षराने. वर्णमालेत डी आधी, म्हणजे त्यांचं लहान! एप्टच्या मते माझंच पॅकेज नवं. ना इशारा, ना तक्रार. चार महिने ते भोक उघडं होतं आणि मला योगायोगाने कळलं.

तोडगा सोपा आहे. अधिकचं चिन्ह काढा. डीपीकेजीच्या तुलनेत अक्षरं ही चिन्हांच्या आधी लागतात. म्हणून '१.२-३घर१' हे '१.२-३'पेक्षा मोठं, पण '१.२-३+डेब१२यू१'पेक्षा लहान. नेमकं हवं तसं. एफएफएमपेगच्या बाबतीत '…+डेब१२यू१घर१' हे 'डेब१२यू२'च्या खाली राहतं, तिथेही काळजी नाही. उबंटूवर सुरक्षेची दुरुस्ती बहुधा टिंब लावून येते, तिथेही हाच नियम कामी येतो.

एकच अपवाद नजरेत ठेवा. कधी डेबियन सोर्स न बदलता पॅकेज फक्त पुन्हा बिल्ड करतं आणि त्याला '+बी१' असं शेपूट लावतं. मशीनवर '१.२-३+बी१' असेल तर तुमचं '१.२-३घर१' त्याच्यापेक्षा लहान भरतं आणि एप्ट ते बाजूला सारतं. अशा वेळी 'घर'च्या आधी तेच '+बी१' स्वतः लिहून '१.२-३+बी१घर१' करा.

हे सगळं हाताने करायची गरज नाही. सोर्सच्या फोल्डरमध्ये:

डीसीएच --लोकल घर

डेवस्क्रिप्ट्समधली ही कमांड चेंजलॉग (पॅकेजमधल्या बदलांची यादी) उघडते, शेपूट लावते, पुढच्या वेळी घर२ करते. तिथे एका ओळीत कारण लिहा. शंका असेल तर 'डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्स'ला दोन व्हर्जनं आणि मध्ये 'एलटी' देऊन विचारा. ती काहीच छापत नाही, उत्तर एक्झिट कोडमध्ये असतं: शून्य म्हणजे होय.

शेपटाचा आणखी एक फायदा. 'एप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड'मधून 'घर' गाळून घेतलं की आपण केलेली सगळी पॅकेजेस एका ओळीत समोर.

## ६. बिल्ड करा, पसारा आवरता येईल अशा रीतीने

डिपेंडन्सी (बिल्डसाठी लागणारी बाकीची पॅकेजेस) आणायला बहुतेक लेखांत 'एप्ट बिल्ड-डेप' सांगतात. चालतं. पण एफएफएमपेगसाठी ते डझनावारी डेव्हलपमेंट पॅकेजेस आणतं आणि नंतर कुठली काढायची ते कळत नाही. त्यापेक्षा:

सुडो एमके-बिल्ड-डेप्स --इन्स्टॉल --रिमूव्ह डेबियन/कंट्रोल

ही कमांड 'एफएफएमपेग-बिल्ड-डेप्स' नावाचं एक पोकळ पॅकेज बनवते आणि सगळ्या डिपेंडन्सी त्याच्या नावावर टाकते. तुम्ही कंट्रोल फाइलमध्ये वाढवलेली ओळही ती वाचते. काम झाल्यावर त्या एका पॅकेजला 'एप्ट पर्ज --ऑटोरिमूव्ह' दिलं की सगळा पसारा जातो.

मग:

डीपीकेजी-बिल्डपॅकेज -बी -यूएस -यूसी

'बी' म्हणजे फक्त बायनरी, पुढचे दोन म्हणजे सही नको. माझ्या जुन्या लॅपटॉपवर याला पाऊण तास लागतो. कोडच्या चाचण्या वगळायच्या असतील तर डेब_बिल्ड_ऑप्शन्स या व्हेरिएबलमध्ये 'नोचेक' घाला. हे व्हेरिएबल मात्र कॅपिटल अक्षरांत. पहिल्या खेपेला चाचण्या वगळू नका.

चूक आली तर शेवटची ओळ वाचून उपयोग नसतो, ती नुसती 'बिल्ड फसलं' एवढंच सांगते. वर सरकत जा, 'एरर' शब्द पहिल्यांदा जिथे आला तिथे खरं कारण असतं.

## ७. इन्स्टॉल

एक फोल्डर वर जाऊन बघा: डझनावारी .डेब फाइली. घाबरू नका, एकाच सोर्समधून एवढी पॅकेजेस निघतात. बुकवर्मवर लिबएव्हीकोडेक५९, लिबएव्हीफॉर्मॅट५९, लिबएव्हीयूटिल५७ आणि त्यांची भावंडं. ही एकमेकांकडून नेमक्या त्याच व्हर्जनची मागणी करतात, म्हणून एकटं एफएफएमपेग टाकायला गेलात तर एप्ट नाही म्हणतं. सगळी टाकणंही चूक, मशीनवर नसलेली वीस पॅकेजेस विनाकारण येतील.

सोर्सच्या फोल्डरमधून 'सुडो डेबी --अपग्रेड' द्या. मशीनवर जी पॅकेजेस आधीपासून आहेत तेवढीच ती बदलते. पॅकेज एकटंदुकटं असेल तर 'सुडो एप्ट इन्स्टॉल' आणि पुढे टिंब-स्लॅश लावून फाइलचं नाव. टिंब-स्लॅश विसरलात तर एप्ट ते रेपोत शोधतं. 'अंडरस्कोर-एप्ट' या युजरला फाइल वाचता आली नाही अशी सूचना दिसली तर दुर्लक्ष करा, काम झालेलं असतं.

तपासा: 'एप्ट पॉलिसी एफएफएमपेग' मध्ये 'इन्स्टॉल्ड'समोर तुमचं शेपूट दिसायला हवं, आणि 'एफएफएमपेग -एन्कोडर्स'च्या यादीत एफडीके.

## ८. एकापेक्षा जास्त पॅकेजेस असतील तर घरगुती रेपो

तीन पॅकेजेस झाल्यावर मी डेबी सोडलं. घरगुती रेपो म्हणजे एक फोल्डर आणि त्यात एक यादी, बाकी काही नाही.

१. 'एसआरव्ही' फोल्डरमध्ये 'घर' फोल्डर करा. आपल्या होममध्ये नको, एप्टचा युजर तिथे डोकावू शकत नाही.
२. .डेब फाइली त्यात टाका.
३. त्या फोल्डरमध्ये उभं राहून 'डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस --मल्टिव्हर्जन' आणि पुढे एक टिंब. त्याचं आउटपुट 'पॅकेजेस' नावाच्या फाइलमध्ये वळवा. या नावातलं पी अक्षर कॅपिटल.
४. सोर्सेस.लिस्ट.डी फोल्डरमध्ये एक .लिस्ट फाइल: 'डेब', चौकोनी कंसात 'ट्रस्टेड=येस', मग 'फाइल:/एसआरव्ही/घर', मग टिंब-स्लॅश.
५. एप्ट अपडेट.

आता एप्टच्या दृष्टीने तुमचं पॅकेज आणि डेबियनचं पॅकेज एकाच पंगतीत बसतात. नेहमीच्या 'एप्ट अपग्रेड'मध्ये लागतील तेवढीच लायब्ररी पॅकेजेस ते स्वतः उचलतं. 'ट्रस्टेड=येस' म्हणजे सही न तपासता विश्वास. स्वतःच्या मशीनवर ठीक, पण ऑफिसच्या नेटवर्कवर पाच मशीनना वाटायचं असेल तर रेप्रेप्रो किंवा ॲप्टली वापरून रेपोवर सही करा.

## ९. होल्ड आणि पिन: मला दोन्ही फारशी आवडत नाहीत

कुणालाही विचारा, पहिलं उत्तर मिळेल 'एप्ट-मार्क होल्ड'. पॅकेज गोठतं, तुमचा बदल टिकतो. पण सुरक्षेची दुरुस्तीही बाहेरच थांबते. पिनचंही (कुठल्या व्हर्जनला किती प्राधान्य ते ठरवून देण्याचं) तेच. प्रेफरन्सेस.डी फोल्डरमधल्या फाइलमध्ये 'व्हर्जनमध्ये घर असेल तर प्राधान्य १००१' असं लिहिता येतं, आणि हजाराच्या वरचं प्राधान्य म्हणजे एप्ट वेळ पडली तर जुन्या व्हर्जनकडेही परत जाईल. (एरवी रेपोचं प्राधान्य ५००, इन्स्टॉल असलेल्याचं १००.)

मी उलट बाजूने विचार करतो. डेबियनची दुरुस्ती आली आणि तिने माझं पॅकेज पुसलं, तर एफडीके चालेनासं होतं आणि मला दुसऱ्याच दिवशी कळतं. दुरुस्ती अडून राहिली तर मला कधीच कळत नाही. म्हणून एप्टला माझ्यावर चढू द्यायचं, आणि चढलं की पुन्हा बिल्ड करायचं. तिसरी ते सातवी पायरी एका दहा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली आहे आणि 'डेबियन' फोल्डरमधला बदल पॅच म्हणून शेजारी. कमांड द्यायची आणि चहा टाकायचा.

होल्डचा खरा उपयोग दोन-चार दिवसांचा. उद्या कार्यक्रम आहे, आज काही बदलायला नको, अशा वेळी. लावलंत तर आपल्या वहीत तारीख टाका. 'एप्ट-मार्क शोहोल्ड'ने विसरलेले होल्ड सापडतात. भावंडांपैकी एकालाच होल्ड लावलं तर बाकी सगळी 'केप्ट बॅक'मध्ये (अपग्रेड न करता मागे ठेवलेल्यांच्या यादीत) अडकतात, हे 'एप्ट अपग्रेड' देताना दिसेल.

## १०. डेबियनमध्ये सोर्सच नसेल तर वेगळी खोली

'यूएसआर'खालचा 'लोकल' फोल्डर ही ती खोली. डेबियनची पॅकेजेस तिथे फाइली टाकत नाहीत, तसा त्यांचा नियमच आहे. पण नुसतं 'मेक इन्स्टॉल' केलं तर त्या खोलीत शंभर फाइली विखुरतात आणि काढायची वेळ आली की कुठली कोणाची ते कळत नाही.

स्टो इथे कामाला येतं. कॉन्फिगर करताना प्रीफिक्स 'यूएसआर/लोकल/स्टो/प्रोग्रॅमचं-नाव-व्हर्जन' असा द्या आणि मेक इन्स्टॉल करा. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये राहतात. मग स्टोच्या फोल्डरमध्ये जाऊन 'सुडो स्टो' आणि त्या फोल्डरचं नाव: योग्य जागी फक्त लिंक तयार होतात. काढायचं तर 'स्टो -डी' (इथे डी कॅपिटल), मग फोल्डर पुसा.

चेकइन्स्टॉल नावाचं साधन मेक इन्स्टॉलमधूनच .डेब बनवतं. सोपं आहे, पण पॅकेजचं नाव डेबियनच्या नावासारखं ठेवू नका. मी 'एफएफएमपेग ६.०' ठेवलं होतं आणि एप्टने त्यावर ५.१ चढवलं. कारण तो सुरुवातीचा इपॉक: डेबियनचं ७:५.१, माझं इपॉक नसलेलं, म्हणजे शून्य. शून्याच्या पुढे सहा असो की साठ, सातपुढे लहानच.

लायब्ररींच्या बाबतीत डोळ्यांत तेल घाला. 'यूएसआर/लोकल/लिब'मधली लायब्ररी डेबियनवर सिस्टिमच्या लायब्ररीच्या आधी सापडते. तिथे तुमचं लिबकर्ल पडलं की डेबियनचं कर्ल (वेबवरून फाइली आणणारी कमांड) तेच उचलतं आणि 'नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल' असं कुरकुरायला लागतं. ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीसाठीची लायब्ररी) तिथे ठेवलंत तर काय काय बंद पडेल सांगता येत नाही. लायब्ररी स्वतः बिल्ड करायचीच असेल तर 'ऑप्ट' फोल्डरखाली ठेवा आणि फक्त तुमच्या प्रोग्रॅमला तिचा पत्ता द्या.

पायथॉनसाठी वेगळा नियम. डेबियन १२ पासून पिप (पायथॉनची पॅकेजेस आणणारं साधन) सिस्टिममध्ये काही टाकायला नकार देतं. नकाराच्या संदेशातच 'ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' हा पर्याय लिहिलेला असतो, लोक तोच कॉपी करतात. नावातच काय मोडणार ते सांगितलंय! व्हीएनव्ही (पायथॉनच्या पॅकेजेसची वेगळी खोली) करा, किंवा कमांडसाठी पिपएक्स, ते अशी खोली स्वतःच करतं.

सोर्स कुठून घेता याकडेही लक्ष असू द्या. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत घुसवलेलं मागचं दार (चोरवाट) उघडकीला आलं. ते चालू करणारा तुकडा प्रकाशित टारबॉलमध्ये (उतरवून घ्यायच्या सोर्सच्या गाठोड्यात) होता, गिटमधल्या (प्रकल्पाच्या बदल नोंदवणाऱ्या साठ्यातल्या) सोर्समध्ये नव्हता. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलपर्यंत ते पोचलं, स्टेबलपर्यंत नाही. ताजं टारबॉल उतरवून लगेच बिल्ड करायची घाई करणाऱ्याला ही मधली चाळणी मिळत नाही.

## ११. महिन्यातून एकदा

दहा मिनिटं लागतात. शोहोल्ड बघा. 'एप्ट लिस्ट'ला '?ऑब्सोलीट' द्या, म्हणजे मशीनवर आहेत पण कुठल्याच रेपोत नाहीत अशी पॅकेजेस दिसतील. 'घर'वाली यादी काढून आपल्या वहीशी ताडून बघा. अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपग्रेड करणारं पॅकेज) चालू असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, तुमची पॅकेजेस पुन्हा बिल्ड करणं त्याच्या कामात बसत नाही.

## १२. डेबियनची आवृत्ती बदलताना

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, आलं. माझा क्रम असा होता. आधी घरगुती रेपोची ओळ बंद केली, सगळे होल्ड काढले, पिनच्या फाइली हलवल्या. मग अपग्रेड. माझं ७:५.१ आपोआप मागे पडलं आणि ट्रिक्सीचं ७:७.१ बसलं. जुनं लिबएव्हीकोडेक५९ अनाथ होऊन मागे राहिलं, कारण नवं लिबएव्हीकोडेक६१ या वेगळ्या नावाचं पॅकेज आहे. '?ऑब्सोलीट'च्या यादीत ते दिसलं, ऑटोरिमूव्हने गेलं.

स्टोमधले प्रोग्रॅम एकेक करून 'एलडीडी'ने (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) तपासा. 'नॉट फाउंड' दिसलं तर तो प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर पुन्हा बिल्ड करायचा. पायथॉन ३.११ वरून ३.१३ झाल्यामुळे सगळे व्हीएनव्ही पुसून नव्याने करावे लागतात, त्यात दुरुस्ती करायच्या भानगडीत पडू नका.

शेवटी आपली वही उघडा आणि 'का' हा रकाना वाचा. माझ्या पाचपैकी दोन पॅकेजांची गरज ट्रिक्सीने संपवली होती, हवं ते व्हर्जन आता डेबियनमध्येच होतं. उरलेल्या तिघांचा सोर्स ट्रिक्सीतून नव्याने आणला, पॅच लावला, डीसीएचने शेपूट लावलं. जुन्या .डेब फाइली 'एसआरव्ही/घर'मधून पुसून टाका, मगच रेपोची ओळ पुन्हा चालू करा.